दहा बाय दहाच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक ट्रॅक कसा तयार करायचा

घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं ठरलं की बहुतेक जण आधी खरेदीची यादी करतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवावी: तुम्ही ऐकणार कुठे बसून? आपल्याकडची फ्लॅटमधली खोली बहुधा दहा बाय दहाची, मोकळ्या भिंतींची आणि गुळगुळीत फरशीची. अशी खोली खालच्या सुरांबद्दल कानाला फसवते, आणि या संगीताचा पाया तर खालचे सूरच. म्हणून या लेखात खोलीला आणि किक-बेसला (तालाचा जाड ठोका आणि त्याच्या जोडीची खालची सुरावट) जास्त जागा दिली आहे. बाकीचं पटापट सांगतो.

सुरुवातीला लागतं एवढंच

लॅपटॉप हवा. 8 जीबी रॅमवर काम सुरू होतं, 16 असेल तर निवांत. कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन हवेत. ब्लूटूथचे नकोत, कारण त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि कीबोर्डवर वाजवताना ठेका हातातून सुटतो. संगीत रचायचं सॉफ्टवेअर, म्हणजे डीएडब्ल्यू, मॅकवर गॅरेजबँड फुकट मिळतं. विंडोज किंवा लिनक्सवर एलएमएमएस फुकट आहे, आणि रीपर 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं. सिंथसाठी, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, सर्ज एक्सटी आणि व्हायटलची मोफत आवृत्ती, एवढ्यावर कित्येक ट्रॅक होतील. ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) माइकने रेकॉर्डिंग करायची वेळ येईल तेव्हा घ्या. एक डीएडब्ल्यू निवडलं की निदान सहा महिने ते बदलू नका.

कमी साधनांत काय होऊ शकतं याचं उदाहरण मुंबईतलंच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-8 हा सिंथ, टीबी-303 हे बेसचं यंत्र आणि टीआर-808 हे तालाचं. त्यावर त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले. शिकागोचं ॲसिड हाउस, म्हणजे हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार, त्यानंतर काही वर्षांनी आलं, आणि त्याचाही जीव याच टीबी-303 मध्ये होता. तीन यंत्रं, पण तिन्ही पूर्ण ओळखीची. आज आपल्या लॅपटॉपवर तीनशे प्लगइन (डीएडब्ल्यूला जोडायची सॉफ्टवेअर) असतात आणि त्यातलं एकही नीट माहीत नसतं.

सेटिंग एकदाच लावा

प्रोजेक्ट 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर ठेवा. वाजवताना बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते माप) 128 सॅम्पल ठेवला तर त्याचा विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. मिक्स करताना तो 1024 करा, म्हणजे लॅपटॉपवरचा ताण उतरतो आणि आवाज तुटत नाही. विंडोजवर एएसआयओ हा विलंब कमी करणारा ऑडिओ ड्रायव्हर वापरा, नाहीतर बफर कमी करूनही की दाबल्यावर सूर रेंगाळत येतो.

स्पीकरमधून सतत बारीक गुणगुण येत असेल, तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण थांबली तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

आता खोली

काही वर्षांपूर्वी मी एक ट्रॅक केला. बेस 'ए' या सुरावर होता, म्हणजे 55 हर्ट्झवर. खोलीच्या बरोबर मधोमध टेबल, समोर दोन स्पीकर. बेस पातळ वाटायचा म्हणून मी दोन डेसिबल वाढवला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. आठवड्याने तोच ट्रॅक मित्राच्या गाडीत लावला, तर दाराची पॅनल थरथरायला लागली आणि वरची सुरावट पार बुडाली.

कारण साध्या गणितात होतं. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत ध्वनी मागेपुढे आपटत राहतो, आणि एवढ्या अंतराला 56-57 हर्ट्झचा सूर तंतोतंत बसतो. असा सूर भिंतीजवळ घुमतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून हीच मार पडते. माझा बेस नेमका त्या खड्ड्यात होता, आणि मी खड्डा भरायला बेस वाढवत गेलो.

तुमच्या खोलीची परीक्षा अशी घ्या. सिंथवर साधी साइन वेव्ह (नुसता एकच शुद्ध सूर) लावा आणि 40 पासून 120 हर्ट्झपर्यंत हळूहळू वर चढवा. एकदा नेहमीच्या जागी बसून ऐका, एकदा खोलीत फिरत ऐका. कुठला सूर फुगतो, कुठला गायब होतो, ते वहीत लिहा आणि वही टेबलावरच ठेवा. मग बसायची जागा मध्यापासून हलवा: समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण 38 टक्के अंतरावर कान येतील अशी.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात काहीच अर्थ नाही. त्यापेक्षा घरातली जाड गोधडी स्पीकरच्या समोरच्या, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर टांगा. भिंत आणि गोधडी यांत वीतभर अंतर सोडा. टाळी वाजवल्यावर येणारा टणटणाट त्याने चांगला कमी होतो. माळ्यावरच्या कापसाच्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या केल्या तर मधले सूरही आवरतात. पण 55 हर्ट्झची लहर सहा मीटरहून लांब असते, ती गादीला जुमानत नाही. म्हणून बेसचा निर्णय नेहमी हेडफोनवर पक्का करा. आणि खोलीत लोखंडी कपाट असेल, तर त्याच्या दाराच्या फटीत घडी केलेला कागद खोचा. त्याची थरथर मी दोन दिवस ट्रॅकमधला दोष म्हणून शोधत होतो.

ठेका बांधा, त्यात एक आवाज स्वतःचा घाला

टेम्पो 120 धरू, म्हणजे मिनिटाला 120 मात्रा. चार मात्रांचं एक आवर्तन दोन सेकंदांचं होतं, हिशेबाला सोपं. किक प्रत्येक मात्रेवर, क्लॅप (टाळीचा आवाज) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, हाय-हॅट (ड्रममधल्या झांजांची जोडी) दोन मात्रांच्या मध्ये. एवढ्यावर हाउसचा ठेका उभा राहतो.

पण तयार सॅम्पल-पॅकमधला हाय-हॅट जगभर सारखाच वाजतो. मी तिथे लेझीम वापरतो. मोबाइलवर डब्ल्यूएव्ही फाइल करणारं रेकॉर्डर ॲप घ्या. पंखा बंद करा, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या. लेझीम फोनपासून दोन हातांवर, थोडी तिरकी धरा. समोरासमोर धरली तर चकत्यांचा आवाज फाटतो. वीस-पंचवीस ठोके घ्या. साखळी ताणताना 'छन्न' येतो, मिटताना आखूड 'छक'. म्हणजे उघडा आणि बंद, दोन्ही हाय-हॅट एकाच वाद्यात मिळाले. डीएडब्ल्यूमध्ये 400 हर्ट्झखालचं सगळं कापून टाका, ठोक्याच्या आधीची शांतता काढा, शेवटाला छोटा फेड द्या, म्हणजे आवाज हळूच विरेल. चांगले चार ठोके निवडून आलटून पालटून वाजवा. एकच ठोका सतत वाजला की कान कंटाळतो. दर दुसरा ठोका दहा मिलिसेकंद उशिरा येऊ द्या आणि बघा, हात हलल्यासारखा डौल येतो.

हलगी, दिमडी, पत्र्यावरचा पाऊस, सगळ्यांना हीच रीत लागू आहे. जुन्या चित्रपटगीताचा तुकडा उचलायचा असेल, तर मात्र आधी हक्कदारांची परवानगी हवी. स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज तुमचाच असतो.

किक आणि बेसची जागा

दोघंही 40 ते 100 हर्ट्झमध्येच राहतात, म्हणून एका वेळी एकालाच बोलू द्या. बेसवर कॉम्प्रेसर (आवाज आपोआप दाबणारं साधन) लावा आणि त्याच्या साइडचेनला किक जोडा, म्हणजे किक वाजली की बेस दबतो. रेशो (किती दाबायचं) 4:1, अटॅक (किती लवकर दाबायचं) एक मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) 120 मिलिसेकंदांच्या आसपास. 120 टेम्पोला एक मात्रा 500 मिलिसेकंदांची आणि अर्धी 250 ची. रिलीज त्याआधी संपला की मधल्या अर्ध्या मात्रेवरचा बेस भरून येतो. रिलीज फार लांबवला तर बेस दम लागल्यासारखा वाटतो.

बाकी वाद्यांचं 100-120 हर्ट्झखालचं कापून टाका. मोबाइलच्या स्पीकरला 55 हर्ट्झ झेपतच नाही, म्हणून बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणारा परिणाम) द्या. त्याने 110, 165 असे वरचे सूर जन्मतात आणि छोट्या स्पीकरवरही कानाला बेस कळतो.

आठ आवर्तनांच्या पुढे

सगळ्यात जास्त ट्रॅक इथेच मरतात. लूप छान जमतो, तास-तास तोच ऐकला जातो, आणि पुढे काहीच होत नाही. माझा उपाय असा: लूपमधले सगळे थर पाच मिनिटांवर पसरून टाका आणि मग एकेक खोडत जा. 120 टेम्पोला 16 आवर्तनं म्हणजे 32 सेकंद. तेवढ्या-तेवढ्या अंतराने एक थर आत येऊ द्या किंवा बाहेर जाऊ द्या.

भजनात गजर कसा चढत जातो ते आठवा. आधी नुसती वीणा, मग टाळ, मग पखवाज, मग सगळ्यांचे आवाज, आणि क्षणभर सगळं थांबून एकटा सूर. आपल्या ट्रॅकमध्ये लय बदलत नाही, चढण थरांनी आणि फिल्टर (वरचे सूर दाबून ठेवणारं साधन) उघडत नेऊन येते. ट्रॅकच्या कळसापाशी पोहोचण्याआधी एक आवर्तन किक काढून टाका. परत आल्यावर ती दुप्पट मोठी वाटते, आवाजाच्या फेडरला (पट्टीला) हात न लावता.

मिक्स आणि निर्यात

हळू आवाजात काम करा, इतक्या हळू की शेजारी कुणी बोललं तर कळावं. मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात तिथे, सर्वात मोठा ठोका -6 डेसिबलपाशी ठेवा. आवडता, त्याच जातीचा एक तयार ट्रॅक प्रोजेक्टमध्ये आणा, त्याचा आवाज तुमच्याइतका खाली करा आणि दर वीस मिनिटांनी पालटून ऐका. यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठे ट्रॅक साधारण -14 एलयूएफएसपर्यंत (हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) खाली आणतात, तेव्हा लिमिटरने (आवाज ठरावीक पातळीवर अडवणाऱ्या साधनाने) पिळून पिळून ठेक्याचा जीव काढू नका. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं सर्वोच्च टोक, -1 डेसिबलवर थांबवा.

24 बिट डब्ल्यूएव्ही काढा, प्रोजेक्टचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवरही ठेवा, आणि त्या रात्री काहीही बदलू नका. सकाळी तोच ट्रॅक मोबाइलच्या स्पीकरवर, इअरफोनवर आणि कुणाच्या तरी गाडीत ऐका. तीनही ठिकाणी जी खोट सारखीच ऐकू येईल, फक्त तीच दुरुस्त करा.