तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर तोंडाची तपासणी: या चुका टाळा

शस्त्रक्रिया खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) झालेली असो वा परळच्या टाटा रुग्णालयात, पुढची तपासणी कळव्याच्या किंवा ऐरोलीच्या दवाखान्यातही होऊ शकते. तपासणारा बदलला की पद्धत बदलते आणि तोंड किती उघडतं याच्या आधीच्या आकड्याशी तुलनाच करता येत नाही. म्हणून आकड्याशेजारी तो कसा मोजला, हेही लिहा.

‘तोंड ३ बोटं उघडतं’ एवढंच लिहिणं

कोणाची बोटं? रुग्णाची स्वतःची असतील तर निदान अंदाज येतो, तपासणाऱ्याची असतील तर तोही नाही. व्हर्निअर कॅलिपर (अंतर अचूक मोजायचं साधन) घ्या. रुग्णाला ताठ बसवून डोकं मागे टेकवा, वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. ३ वेळा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहा. ३५ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर ट्रिस्मस, म्हणजे तोंड पुरेसं न उघडणं, धरतात.

पुढचे दात नसतील तर हिरडीपासून हिरडीपर्यंत मोजा, पण मग ३५ चा निकष लावू नका. दोन भेटींच्या मध्ये दात काढले गेले असतील तर आकडा दातांच्या उंचीएवढा वाढतो आणि ती सुधारणा वाटते. इथे फसगत हमखास होते.

आधी रुग्णाला स्वतः तोंड उघडू द्या, मग बोटांनी हलका आधार देऊन मोजा. आधाराने आकडा बराच वाढला तर दुखणं, भीती किंवा स्नायू आखडणं हे कारण असू शकतं. जबडा तिथेच घट्ट अडला तर फायब्रोसिसचा (आतला भाग कडक होऊन आखडण्याचा) संशय घ्या. हाड कापून प्लेट बसवली असेल किंवा जखम ताजी असेल, तर सर्जनला विचारल्याशिवाय जोर लावू नका.

शस्त्रक्रियेआधीचा आकडा न घेणं

गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्यांचं तोंड सबम्यूकस फायब्रोसिसमुळे (तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्यामुळे) आधीच आखडलेलं असू शकतं. आधी २५ मिमी उघडत असेल तर नंतरचे २२ मिमी वेगळ्या नजरेने बघावे लागतात.

जीभ बाहेर काढायला सांगून थांबणं

जेवताना जिभेला टाळूला टेकावं लागतं, दोन्ही गालांपर्यंत पोचून घास गोळा करावा लागतो. ते तपासा. गिळण्याची तपासणी होऊन तोंडाने खायला परवानगी मिळाली असेल, तर मऊ बिस्किटाचा छोटा तुकडा द्या. गिळून झाल्यावर टॉर्चने गाल आणि हिरडीमधली खाच पाहा. फ्लॅपला, म्हणजे कापलेल्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून लावलेल्या ऊतीला, पुष्कळदा संवेदना नसते, त्यामुळे अन्न तिथे अडकलंय हे रुग्णाला कळतच नाही.

बोलणं घरच्यांना विचारून ठरवणं

बायकोला, मुलाला सवय झालेली असते. अनोळखी माणसाला, चेहरा न बघता ऐकू द्या. १ ते १० आकडे म्हणून घेऊ नका, ऐकणारा पुढचा आकडा आपोआप ओळखतो. सुटे शब्द द्या: ओठांसाठी ‘पापड’, ‘मामी’, जिभेच्या टोकासाठी ‘बाळ’, ‘टाळ’, ‘पाणी’, मागच्या भागासाठी ‘काका’. जीभ कापल्यावर ळ आणि ण लवकर उघडे पडतात, गालाच्या शस्त्रक्रियेत ओठांचे उच्चार बघा.

ठसका लागला नाही म्हणजे गिळणं ठीक

ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी ५ मिली पाणी चमच्याने द्या. ठसका किंवा आवाजात घरघर आली तर तिथेच थांबा. ते नीट गेलं तरच १०० मिली द्या. घोट, वेळ आणि नंतरचा आवाज नोंदवा. वारंवार ताप, छातीत कफ किंवा वजन घटत असेल तर पाण्याच्या चाचणीवर भिस्त ठेवू नका, नाकातून दुर्बिणीने गिळण्याची तपासणी करायला पाठवा.

‘जेवता का?’ विचारणं

उत्तर येतं, ‘हो, सगळं.’ त्याऐवजी काल काय खाल्लं ते विचारा. भाकरी तोडून खाल्ली की वरणात कुस्करून? जेवायला किती वेळ लागला? लग्नाच्या पंगतीत बसता का? चारचौघांत जेवणं सुटलं असेल तर तीही नोंद हवी.

रेडिएशन असेल तर सुरू होण्याआधी, संपल्यावर आणि पुढे ३, ६, १२ महिन्यांनी मोजा, कारण आखडणं नंतरही वाढत राहतं. मात्र उघडणं अचानक घटलं, सोबत नवं दुखणं, व्रण किंवा गाठ दिसली, तर तोंड उघडण्याचे व्यायाम वाढवू नका. आधी सर्जनला दाखवा.