पुण्यात भाड्याने घर घेताय? या चुका टाळा

पुण्यात नव्याने येणारे बहुतेक जण शनिवारी घरं बघतात, रविवारी टोकन देतात आणि सोमवारी सामान आणायला गावी जातात. मी सोसायटीच्या कमिटीत आहे, भाडेकरूंचे कागद माझ्याकडे येतात, आणि वर्षाच्या आत घर सोडणाऱ्यांची कारणंही मलाच ऐकावी लागतात. बहुतेक कारणं त्या दोन दिवसांतली असतात.

पाण्याची चौकशी एजंटकडे करणं

‘पाणी चोवीस तास आहे’ असं एजंट सांगतो आणि नळ सोडून दाखवतो. नळाला पाणी येतंच. गच्चीवरच्या टाकीत ते महापालिकेच्या लाइनमधून आलं, बोअरचं आहे की टँकरने ओतलंय, हे नळ सांगत नाही. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं पाणी मिळतं, पिंपरी-चिंचवडला पवनेचं. पण २०१७ आणि २०२१ मध्ये मिळून ३४ गावं महापालिकेत घेतली गेली. त्या पट्ट्यात इमारती आधी उभ्या राहिल्या, पाण्याची लाइन मागून येते आहे. भाडं तिथे कमी असतं, म्हणून नवीन माणूस तिथेच जातो.

लातूरहून आलेलं एक जोडपं माझ्या ओळखीचं. तान्हं बाळ घेऊन त्यांनी ऑक्टोबरात अशाच एका नव्या सोसायटीत घर घेतलं. नुकताच पावसाळा संपलेला, बोअरला भरपूर पाणी, कुणाला शंकाही आली नाही. मार्चमध्ये बोअर आटली. पाणी सकाळ-संध्याकाळ तासभर येऊ लागलं आणि टँकरचा खर्च दर महिन्याला फ्लॅटवार वाटला जाऊ लागला. करारात ‘पाण्याचा खर्च भाडेकरूचा’ अशी ओळ होती. सही करताना ती वाचली गेली होती, पण साधं पाणीबिल समजून. बाळाचे कपडे धुवायला त्या मुलीला रात्री बादल्या भरून ठेवाव्या लागत. मे महिन्यात त्यांनी घर सोडलं. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही ती ठरलेली मुदत, संपला नव्हता, म्हणून मालकाने डिपॉझिटमधून भाडं कापून घेतलं.

मी घर बघायला गेलो की आधी वॉचमनशी बोलतो. ‘टँकर येतात का’ असं विचारत नाही, ‘काल किती टँकर आले’ असं विचारतो. पहिल्या प्रश्नाला ‘कधीतरी’ हे उत्तर ठरलेलं असतं, दुसऱ्याला आकडा येतो. मग पार्किंगमध्ये भेटेल त्या ताईंना विचारतो की मागच्या मे महिन्यात काय परिस्थिती होती. शेवटी बाथरूमचे नळ आणि फरशी बघतो. पांढरे थर दिसले तर पाणी जड आहे, गीझरची कॉइल फार टिकणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हाही संशय पाण्यावरच गेला होता. टँकरचं किंवा बोअरचं पाणी लहान मुलांना उकळूनच द्या.

रविवारी अंतर मोजणं

रविवारी दुपारी कोथरूडहून हिंजवडी जवळ वाटतं. चांदणी चौकातला नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला, तिथली कोंडी सुटली. पण वाकडचा पूल, भूमकर चौक आणि हिंजवडीचा शिवाजी चौक सकाळी नऊला तिथेच असतात, आणि पाऊस पडला की पुढचं बोलायलाच नको. मी प्रत्येकाला सांगतो, टोकन देण्याआधी मंगळवारी किंवा बुधवारी ऑफिसच्या वेळेला एकदा जाऊन या आणि संध्याकाळी परत या. बहुतेकांना तेवढी सवड नसते. तेच लोक नंतर रोज तीन तास रस्त्यावर घालवतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. घर ऑफिसच्या बाजूचं घ्या, मग दोन हजार जास्त पडले तरी चालतील.

‘इथे मेट्रो येणार आहे’ म्हणून कुणी भाडं वाढवून सांगितलं तर ते देऊ नका. आज जिथून गाडी सुटते तेच स्टेशन मोजा.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

आधीच्या भाडेकरूची वीजबिलाची थकबाकी न बघता किल्ली घेणं.

पालखी मुक्कामी येते त्या दिवशी किंवा गणपती विसर्जनाला सामानाचा टेम्पो बोलावणं. अर्धं शहर बंद असतं.

सोसायटीत सामान चढवायच्या वेळा न विचारणं.

पोलिसांकडची भाडेकरू नोंद ‘नंतर करू’ म्हणून सोडून देणं.

नोटरीवर भागवणं

‘अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोटरी पुरेशी आहे’ हे वाक्य मी अजूनही ऐकतो. पुरेशी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. आता माणूस घरी येऊन आधार आणि अंगठ्यावर नोंदणी करून देतो. एवढं सोपं झाल्यावरही मालक टाळत असेल, तर ते घर सोडा. ‘आजच टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी येतेय’ या घाईला बळी पडू नका. घर गेलं तर गेलं, याच भागात पुढच्या आठवड्यात दुसरं मिळतं.

करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: लॉक-इन किती महिने, टँकरचा खर्च कुणाचा, आणि सोडताना रंगकामाचे किती कापणार. मग किल्ली हातात आली की सामान आत आणण्याआधी मोबाईलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा. ओल आलेल्या भिंती, तुटलेली टाइल, दारांच्या कड्या, मीटरचं रीडिंग, सगळं. आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या.