घरगुती मसाल्याच्या ब्रँडचं फोटोशूट: तयारी कशी करावी

मसाल्याच्या ब्रँडचं फोटोशूट करायचं ठरलं की बहुतेक जण थेट फोटोग्राफर शोधायला लागतात. त्याआधीची कामंच जास्त महत्त्वाची असतात आणि ती आपली आपल्यालाच करावी लागतात.

१. फोटो कुठे लागणार ते लिहून काढा. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा आणि झूम व्हावा म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० × १३५०, स्टोरी १०८० × १९२०. प्रदर्शनातल्या स्टॉलचा बॅनर करायचा असेल तर आडवा फोटो आणि मोठी फाइल लागेल. हे आधी सांगितलं नाही, तर सगळे फोटो एकाच आकाराचे येतात आणि नंतर कापाकापीत पाकिटावरचं नाव उडतं.

२. फोटोंची यादी करा. प्रत्येक मसाल्याचे तीन फोटो धरा: नुसतं पाकीट, वाटीतला मसाला आणि त्या मसाल्याचा पदार्थ. काळा मसाला आणि गोडा मसाला वाटीत ठेवले तर फोटोत दोन्ही तपकिरी भुकटीच दिसतात. शेजारी खडे मसाले मांडले की ओळख पटते. गोड्या मसाल्याजवळ दगडफूल, तीळ, सुकं खोबरं. मात्र घटकांच्या यादीत जे नाही ते फोटोतही नको. केशराच्या काड्या कितीही छान दिसल्या तरी पाकिटात केशर नसेल तर ती ग्राहकाची फसवणूकच.

३. तारीख हंगाम बघून ठरवा. फेब्रुवारी ते मे या काळात बेडगी, संकेश्वरी मिरच्या गच्चीवर वाळत असतात, कांडपाला गर्दी असते. ही दृश्यं तेव्हाच टिपून ठेवा, दिवाळीच्या जाहिरातीलाही चालतात. पावसाळ्यात गच्ची मिळत नाही आणि भुकटी दमट होऊन गुठळ्या धरते. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत फोटो काढायचे असतील तर दुकानदाराला आधी विचारा. ऐन हंगामात त्याला आपल्यासाठी वेळ नसतो.

४. पाकिटं निवडा. लेबल अंतिम झालेलं असावं. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक, वजन, किंमत पुन्हा एकदा वाचून घ्या. पॅकिंगची तारीख दर्शनी बाजूला येत असेल तर शूटपुरती काही पाकिटं तारखेविना ठेवा, म्हणजे फोटो जुने दिसणार नाहीत. सुरकुत्या नसलेली, कोपरे ताठ असलेली पाकिटं वेगळी काढा आणि कोरड्या सुती कापडाने धरा. चकचकीत पाकिटावर बोटांचे तेलकट ठसे लगेच दिसतात.

५. उजेड सांभाळा. या कामात सर्वाधिक घोळ इथेच होतो. पिवळ्या बल्बखाली लाल तिखट नारिंगी दिसतं. मग ग्राहक पाकीट उघडतो आणि रंग वेगळा म्हणून तक्रार करतो. खिडकीचा उजेड वापरायचा तर ट्यूबलाइट बंदच ठेवा, दोन प्रकारचे उजेड एकत्र आले की रंग सुधारणं अवघड जातं. ऊन थेट येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरा कपडा लावा आणि समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट उभी करा, सावली मऊ होते. प्रत्येक मांडणीचा पहिला फोटो ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायला उपयोगी पडणारं राखाडी कार्ड) ठेवून घ्यायला सांगा. स्टुडिओत गेलात तर ही चिंता फोटोग्राफरची.

६. पदार्थ शेवटच्या क्षणी वाढा. रस्सा गार झाला की वर साय धरतो. म्हणून मांडणी आणि उजेड आधी एका नमुन्याच्या ताटावर पक्का करा, खरं ताट नंतर आणा. तर्री वेगळ्या वाटीत काढून ठेवा आणि कॅमेरा तयार झाल्यावर चमच्याने वरून सोडा. कोथिंबीर त्याच्याही नंतर. ताटं पितळी असतील तर ती आदल्या दिवशी चिंचेने घासून ठेवा.

७. व्यवहार कागदावर आणा. किती फोटो, किती दुरुस्त्या, फाइल कधी मिळणार, हे लेखी असावं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम देणारा असतो. पण अनेक फोटोग्राफरांच्या छापील अटींत नेमकं उलट लिहिलेलं असतं, त्यामुळे सही करण्याआधी ती ओळ शोधून वाचा. फोटोत घरच्या किंवा कामावरच्या बायका असतील, तर जाहिरातीसाठी त्यांची संमतीही लेखीच घ्या.