बर्फ, पाणी, वाफ: मुलांना आधी विचारा, मग दाखवा

स्थायू, द्रव, वायू ही नावं मुलं दोन मिनिटांत पाठ करतात आणि मग बर्फ वितळताना नक्की काय होतं असं विचारलं की सगळी गप्प. म्हणून नावं शेवटी घ्या. सुरुवातीला एक वाटी बर्फ आणि एक थर्मामीटर पुरे, फक्त ताप बघायचा थर्मामीटर नको, तो शून्याच्या जवळपासचं काही दाखवतच नाही. लॅबमध्ये असतो तसला, शून्याच्या खालपासून 110 पर्यंत आकडे असलेला, लाल रेघेचा घ्या, पाऱ्याचा नको, फुटला तर भलताच ताप.

बर्फ जरा कुटा, थोडं पाणी घाला आणि ढवळत रहा. आता आकडा वाचायच्या आधी प्रत्येकाला विचारा की बर्फ संपेपर्यंत तापमानाचं काय होईल, आणि उत्तर वहीत लिहून घ्या, तोंडी नको, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात मला माहितीच होतं. बहुतेक जण लिहिणार, हळूहळू वाढेल. मग दर दोन मिनिटांनी वाचायला लावा. लाल रेघ शून्यापाशी ठाण मांडून बसते, वाटीला हातांची ऊब दिली तरी हलत नाही, आणि बर्फ संपला की मग कुठे चढायला लागते.

इथे अजिबात घाई करू नका. उष्णता आत जातेय, तापमान तर वाढत नाहीये, मग ती जाते कुठे? खाजवू दे डोकं. ती कणांची एकमेकांवरची पकड सैल करण्यात खर्च होते, हाच अप्रकट उष्मा. 1 ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला साधारण 80 कॅलरी लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेत 1 ग्रॅम पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापतं! मोठ्यांनाही हे पटकन पटत नाही.

कण समजवायला मुलांनाच कण करा. आपापल्या जागेवर बसून नुसती चुळबुळ म्हणजे स्थायू, उठून एकमेकांना खेटत फिरणं म्हणजे द्रव, सुट्टीची घंटा होऊन मैदानभर पांगणं म्हणजे वायू. फक्त एक सांगा, कण स्वतः वितळत नाहीत की फुगत नाहीत, बदलतं ते त्यांच्यातलं अंतर आणि धावपळ.

उकळण्याचा भाग मोठ्या माणसानेच करायचा, मुलं दोन हात लांब. किटलीच्या तोंडाला अगदी लागून थोडी जागा मोकळी दिसते ना, खरी वाफ तिथे आहे, ती दिसत नाही. पुढचा पांढरा ढग म्हणजे गार होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. आणि खळखळ उकळताना येणारे मोठे बुडबुडे हवेचे नसतात, वाफेचेच असतात (तापायला लागल्यावर आधी येतात ते छोटे मात्र विरघळलेल्या हवेचे). चिमट्याने थंड ताटली धरली की थेंब जमतात, संघनन झालं.

ग्लासाबाहेरच्या थेंबांबद्दल मुलं हटकून म्हणतात पाणी झिरपलं. वाद घालू नका, आतलं पाणी रंगीत करा, बर्फ टाका, बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदाने पुसून बघायला सांगा. रंग नाही म्हणजे ते हवेतल्या बाष्पाचे.

वजनही करा. बर्फ बंद पिशवीत, वितळायच्या आधी आणि नंतर. नंतर मोजताना पिशवी बाहेरून कोरडी पुसायची, नाहीतर तेच थेंब वजन वाढवतात आणि सगळा घोळ होतो.

गोठवताना प्लास्टिकच्या डब्यात पाण्याच्या पातळीवर खूण करा, काचेची भरलेली बाटली बिलकुल नको, कारण पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि काच तडकते. मेणाचं उलट, ते थिजताना आकसतं, मध्ये खळगा पडतो. मेण थेट आचेवर नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा.

शेवटी जळती मेणबत्ती समोर ठेवा. खाली ओघळलेलं मेण परत घट्ट झालं, पण वात जळताना जे मेण संपलं ते गार करून परत मिळेल का? याचंही उत्तर आधी वहीत.