क्रिस्टलाइन की अमॉर्फस? चमक बघून ठरवू नका, या चुका टाळा

क्रिस्टलाइन म्हणजे ज्याच्या आतले कण ठरावीक रांगेत बसलेले असतात, अमॉर्फस म्हणजे ज्यात ते कसेही विस्कटलेले असतात. परीक्षेत या दोघांतला 'फरक लिहा' आलं की बारावीची पोरं टेबल आखून धडाधड लिहितात, पण हातात वस्तू देऊन विचारलं की गाडी अडते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे चमकतंय, आरपार दिसतंय म्हणजे क्रिस्टल. दुकानात 'क्रिस्टल ग्लास' म्हणून महागडे पेले मिळतात ना, ते चक्क अमॉर्फस, क्रिस्टल फक्त नावात. आणि साधी पत्र्याची बादली घ्या, नवी असेल तर जस्ताच्या थरावर फर्नच्या पानासारखी नक्षी दिसते, ते खरे क्रिस्टल, नुसत्या डोळ्यांना दिसणारे! तसंच पावडर म्हणजे अमॉर्फस हेही चूक, साखर दळून पिठीसाखर केली तरी प्रत्येक कणात आतली रचना तीच असते.

वितळणबिंदूचं बघा. मीठ क्रिस्टलाइन, ते ८०१ अंश सेल्सिअसला एकदम वितळतं, अमॉर्फस काच मात्र हळूहळू मऊ होत जाते, म्हणून तर ती फुंकून बाटली करता येते. पण म्हणून काच वाहते असं लिहू नका, जुन्या चर्चच्या काचा खाली जाड असतात त्या वाहून नाही, तेव्हा काच सारख्या जाडीची बनतच नव्हती आणि जाड बाजू बरेचदा खाली बसवायचे.

आता माझा आवडता मुद्दा, पदार्थ एकच असला तरी दोन्ही रूपं होऊ शकतात. खडीसाखर क्रिस्टलाइन आणि जत्रेतले म्हातारीचे केस अमॉर्फस, साखर तीच, फक्त एकीला रांगेत बसायला निवांत वेळ मिळाला आणि दुसरी झटकन गार झाली.

साखरेची चिक्की करताना हेच नडतं. पाक काचेसारखा व्हायला हवा, पण कढईच्या कडेला साखरेचा एक कण जरी चिकटला आणि तुम्ही ढवळत बसलात की त्या कणाभोवती बाकीची साखर जमते आणि अख्खा पाक दाणेदार. शेंगदाणे घालायच्या आधी असं झालं तर फेकू नका, पाणी घालून परत विरघळवा, कडा ओल्या ब्रशने पुसा, थोडं लिंबू पिळा. आंबटपणाने थोडी साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि त्या गर्दीत साखरेला रांग लावताच येत नाही. मग ढवळू नका, थेंब गार पाण्यात टाकून कट्कन तुटतो का बघा. आणि चिक्की गार झाली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात, पावसाळ्यात तर नक्कीच, ओल लागली की आधी चिकट होते आणि मग परत दाणे धरते.