थोरल्याचं करडू

आमच्या महिला मंडळात कुणी पश्चात्ताप कसा करायचा विचारलं, की मी आधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय वाचायला लावते, उधळ्या मुलाची गोष्ट. वाटणी उधळून परत आलेल्या आणि बापानं मेजवानी देऊन घरात घेतलेल्या धाकट्या मुलावर उपदेश भरपूर झालेत. तुम्ही थोरल्याचं २९वं वचन बघा. तो बापाला म्हणतो, इतकी वर्षं राबलो, पण मित्रांबरोबर मजा करायला साधं करडूही दिलं नाहीत! राग भावावर निघतोय, हवं होतं बापाचं लक्ष.

आपल्या पापामागचं करडू असंच शोधायचं. "प्रभू, मी रागीट आहे, क्षमा कर" ही प्रार्थना दर रविवारी होते आणि सोमवारी भांडी परत आपटतात. म्हणून एकच प्रसंग घ्या. जावेबद्दल वाईट बोललात ना? काय बोललात, कुणापुढे, त्याआधी काय घडलं, वहीत लिहा. बहुतेक वेळा निघतं ते असं: नाताळात सासूबाईंनी तिच्या करंज्या वाखाणल्या, तुमच्या अनारशांचं नावही नाही. कौतुक हवंसं वाटणं पाप नव्हे. त्यापायी दुसरीला खाली ओढलंत, ते पाप. त्याची क्षमा मागा. ओढ मात्र देवापुढे तशीच मांडा, स्तोत्र १३ मध्ये "कोठवर?" म्हणून विचारलंय तितक्या उघडपणे.

मग उठा. लूकमधल्याच जकातदार जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. तुम्ही निदान ज्यांच्यापुढे बोललात त्यांच्यापुढे शब्द मागे घ्या. "पण सासूबाईंनी..." हे अजिबात नको. वही नंतर फाडलीत तरी चालेल. घरात नणंद असेल तर फाडाच.