मावशींच्या बाळाचा दंड असा मोजा
इंदूरात आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं पोर बारीक दिसलं की आपण लगेच म्हणतो खात नाही का हा, पण घरात पैसा कमी, आई दिवसभर बाहेर, पोर शेव-बिस्किटावर, वर खराब पाण्यानं सारखे जुलाब, मग वजन वाढणार कुठून!

अंगणवाडीत न्या, तिथे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांचं पोर, डावा दंड, खांदा न् कोपराच्या बरोब्बर मध्ये, हात सैल, पट्टी आवळायची नाही (सगळे इथेच गडबड करतात). 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे लाल, पोर अति कुपोषित; 12.5 पर्यंत पिवळं, मध्यम कुपोषित. दोन्ही पावलं सुजलेली असतील तर पट्टी काहीही म्हणो, लाल म्हणूनच धरा न् डॉक्टरला दाखवा.

पोषण पुनर्वास केंद्रात (अति कुपोषित पोरांवर इलाज करतात तिथे) भरती करायला सांगितलं तर कामं सुटतील म्हणून आया टाळतात, तेवढ्या दिवसांचा पगार कापू नका भिया.